दोन दिवसांसाठी डायरेक्ट

आक्का, तुझा कूलर काल भंगारात दिला. दाजी म्हणाले, घेऊन जा कुठं न्यायचा तिथं, मला तो डोळ्यांसमोर नको. गाडीवाल्यानं गवताच्या जाळ्या उपटून अंगणातच टाकल्या आणि पत्रा घेऊन गेला. त्या मी झाडून गोळा करत होतो, तर ओल्या गवताचा तो वास आला, दुपारी तुझ्या घरात पाऊल टाकलं की यायचा तो. मी तिथंच मटकन बसलो आणि रडलो. पंचेचाळिशीचा बाप्या, हातात खराटा, आणि हुंदके देऊन रडतोय. शेजारची नंदाबाई भिंतीवरून बघत होती. बघू दे म्हटलं.

सव्वा महिना झाला तुला जाऊन. जलदान विधी झाला, पांढऱ्या साडीतला तुझा फोटो भिंतीला लागला. त्या फोटोत तू लई गंभीर दिसतेस, एखाद्या शाळेच्या मोठ्या बाई वाटाव्यात अशी. तू कधी गंभीर होतीस गं? जलदानाला माणसं तुझ्याबद्दल बोलली, चांगलंच बोलली. मलाही दोन शब्द बोल म्हणाले. मी उठलो नाही. सगळ्यांना वाटलं, भावाला दुःख आवरत नाही. दुःख होतंच, पण मी बसून राहिलो ते भीतीनं. कशाची भीती, ते तुला सांगायला बसलोय. खरं तर तुला आधी सांगायला पाहिजे होतं, पण तुझ्या बाबतीत माझं सगळं उशिराच.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू पंधराची. पिशोरच्या त्या खोलीत तू मला न्हाऊ घातलंस, मारलंस, शाळेत ओढत नेलंस. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू दाजींना एकच अट घातली म्हणतात, हे पोरगं माझ्याबरोबर येणार. दाजी अजून चेष्टेनं म्हणतात, मला बायकोबरोबर पोरगं फुकट मिळालं. मुकुंदवाडीत आलो, दाजींनी मला आयटीआयला घातलं, मी वायरमन झालो. पुढं आपण दोन खोल्या बांधायला काढल्या तेव्हा घराची सगळी फिटिंग तू माझ्याकडं दिलीस. मला मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. दाजी म्हणाले, एखादा अनुभवी माणूस बघू. तू म्हणालीस, करता करता शिकंल.

अर्थिंगचा खड्डा मी खणला तो मागच्या न्हाणीजवळ. इस्त्रीवाल्याकडून तू कोळसा आणलास, किराण्यातून जाडं मीठ आणलंस. मी नळी उभी करून एक थर कोळसा, एक थर मीठ, परत कोळसा असं भरायला लागलो, तर तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, बाळू, खड्ड्याचं लोणचं घालतोस काय रे? तेव्हापासून त्या खड्ड्याचं नाव लोणचं पडलं. मी तुला तेव्हा मोठ्या ऐटीत समजावलं होतं. एखाद्या वस्तूतून करंट गळला तर हिरवी वायर तो इथं आणते आणि जमीन पिऊन टाकते. पण जमीन ओली पाहिजे. माती कोरडी पडली की करंटला तिथं वाट मिळत नाही, मग तो त्या वस्तूला जो हात लावील त्याच्यातून जातो. तू एवढंच विचारलंस, पाणी किती घालायचं? मी म्हटलं, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली.

तू ते इतकी वर्षं पाळलंस. दर रविवारी एक बादली. आपल्या शहरात नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, मग आठव्या दिवशी यायला लागलं, तरी तू कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी लोणच्यासाठी बाजूला ठेवायचीस. मला फोन करून सांगायचीस, तुझ्या लोणच्याला पाजलं रे. गल्लीत कुणाच्या घरी नवी सून आली की तिला पोहे देता देता दम द्यायचीस, प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी घालायचं नाय, ओल्या हातानं बटणाला शिवायचं नाय. लोक तुला हसायचे, भावापेक्षा बहीणच मोठी वायरमन. मला बरं वाटायचं आणि थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

माझ्या अनवाणी पायांवरनं तर आपलं किती वाजलं. मी बूट न घालता, हातमोजे न घालता बोर्ड उघडायचो आणि तू ओरडायचीस. मी म्हणायचो, वीस-पंचवीस वर्षं झाली आक्का, करंट मला ओळखतो. तू म्हणायचीस, करंट काय तुझा मेव्हणा लागतो? त्यावर मी चिडून जेवणावरनं उठलो होतो एकदा. तू ताट झाकून ठेवलंस आणि अर्ध्या तासानं मी परत येऊन जेवलो. ते भांडण तसंच राहिलं. तूच बरोबर होतीस, हे मी तुला एकदाही म्हटलं नाही.

आता ऐक.

मार्चमध्ये पाणी दहाव्या दिवसावर गेलं. तुझा फोन आला, बाळू, लोणच्याला पाणी घालू का तुझ्या दाजीला आंघोळ घालू, दोन्ही व्हायचं नाय. तू हसत होतीस. मी कुणाच्या तरी माळ्यावर चढलेला, घाईत. मी म्हटलं, राहू दे गं, कशाला नासतेस पाणी, घरात ट्रिप स्विच बसवलाय ना मी. करंट जरा गळला की तो आपोआप पडतो, काही होत नाही. तू विचारलंस, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तुझ्या खड्ड्याचं पाणी तू नाही तोडलंस आक्का, मी तोडलं.

मग एप्रिलमध्ये जयंती आली. तुमच्या गल्लीचं लायटिंग दरवर्षी माझ्याकडं असतं, मी शिडीवर होतो. दुपारी तू बोलवायला आलीस. घरात पाहुणे बसलेले, ऊन मी म्हणत होतं, आणि कूलर लावला की सगळ्या घराची लाईट जायची. पंखा, फ्रीज, सगळंच. मी आलो, एका मिनिटात ओळखलं. कूलरचा पाण्यातला पंप आतून गेलेला, त्यातून करंट गळत होता. स्विच पडत होता तो बरोबरच पडत होता. त्याचं कामच ते.

पंपाची वायर काढून ठेवली असती तर कूलरनं गरम वारा दिला असता. एवढंच झालं असतं आक्का, पाहुण्यांना गरम वारा लागला असता. आता रोज हे मनात येतं. पण तिकडं शिडी अडकलेली, पोरं हाका मारत होती, आणि पाहुण्यांसमोर तुझं तोंड एवढंएवढं झालेलं मला बघवेना. आमच्या धंद्यात अशा वेळी जे करतात ते मी केलं. स्विचच्या अलीकडची वायर आणि पलीकडची वायर एकमेकींना पिळली, वरून टेप गुंडाळला. स्विच नुसता बोर्डावर शोभेला राहिला. याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. गिऱ्हाइकाला सांगतो, चालू करून दिलंय, आणि गिऱ्हाईक खूश होतं. शंभर घरांत केलं असेल मी.

तू कूलर लावलास, गार वारा आला, पाहुणे हुश्श म्हणाले. तू बोर्डाकडं बघत विचारलंस, आता पडणार नाय ना? मग तो स्विच कशाला हाय? मी म्हटलं, दोन दिवसांसाठी डायरेक्ट केलंय. नवा पंप आणतो आणि परत जोडतो. तोवर अर्थिंग आहे ना.

मार्चमध्ये म्हणालो, स्विच आहे ना. एप्रिलमध्ये म्हणालो, अर्थिंग आहे ना. एकाच्या भरवशावर दुसरं काढलं आणि दुसऱ्याच्या भरवशावर पहिलं, आणि दोन्ही वेळा माझ्या तोंडाला सहज आलं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळंल अशी गोष्ट. मला ती कळली तेव्हा तू नव्हतीस.

पंप मी तिसऱ्या दिवशी घेतला होता, शपथेवर सांगतो. तो गाडीच्या डिक्कीत पडून राहिला. लग्नसराई सुरू झाली, मग पिशोरला एका दुमजली घराचं काम लागलं. तुझा फोन यायचा, मी म्हणायचो, येतो रविवारी. तू कधी पंपाचं नाव काढलं नाहीस. जेवलास का, ऊन लई हाय, टोपी घाल, एवढंच. मी समजलो कूलर चालतोय, म्हणजे घाई नाही. चालतंय या शब्दावर आमचा सगळा धंदा उभा आहे.

त्या दिवशी भर दुपारी दहाव्या दिवसाचं पाणी आलं. दाजी रात्रपाळी करून येऊन कूलरसमोर झोपले होते. तू ड्रम भरलास, बादल्या भरल्यास, अंगणात सगळं ओलं, तुझे पाय ओले, आणि शेवटी नळी कूलरमध्ये धरलीस. अख्ख्या गल्लीला तू प्लग काढायला शिकवलंस आणि त्या दिवशी तूच काढला नाहीस. का, ते मला माहीत आहे. वारा बंद झाला असता तर दाजींची झोप मोडली असती.

नंदाबाईला रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं. आपल्या गावात नळाचं पाणी रस्त्यावर वाहतंय म्हटलं की माणूस धावतंच. ती तुला बोलायला म्हणून आत आली, पाणी वाया चाललंय म्हणून.

मला पिशोरला फोन आला. मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा सगळे तुला घेऊन दवाखान्यात गेले होते, दार सताड उघडं होतं. आता जे सांगतो ते ऐकून तू मला दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं. मी दवाखान्यात गेलो नाही. आधी बोर्डाकडं गेलो. टेप काढला, पिळलेल्या वायरी सोडवल्या, स्विच होता तसा जोडला, बोर्डाचं झाकण लावलं. तू तिकडं स्ट्रेचरवर होतीस आणि मी इथं स्क्रू आवळत होतो. माझे हात थरथरलेसुद्धा नाहीत. ही एक गोष्ट मला स्वतःची सहन होत नाही. मग गाडीला किक मारली आणि तुझ्याकडं आलो. तोवर तू गेली होतीस.

पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी स्विचचं टेस्टचं बटण दाबलं, स्विच टकन पडला. स्विच चालू आहे, असं त्यांनी लिहून घेतलं. कूलर जुना, बाईचं नशीब, असं सगळे म्हणाले. मी मान खाली घालून उभा होतो.

मला वाटलं, विषय मिटला. पण खोटं एका जागी बसत नाही गं. दाजींनी दिवसा झोपणं सोडलं. रात्रपाळी करून येतात आणि खुर्चीवर ताठ बसून राहतात. येईल त्याला सांगतात, माझ्या झोपेपायी गेली ती, मी झोपलो नसतो तर तिनं बंद केला असता. हे मी पंधरा-वीस वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी मी गप्प. माझं ओझं तो माणूस वाहत होता आणि मी शेजारी बसून चहा पीत होतो. ज्यानं मला पोरासारखा वाढवला तो माणूस.

आणि मग गेल्या आठवड्यात नंदाबाईनं मला थांबवलं. म्हणाली, बाळूभाऊ, आमच्याकडचा तो ट्रिप स्विच काढून टाका, उगा पडतो आणि पोरं कावतात. मी म्हटलं, काढायचा नाही, जिवाला धोका आहे. ती म्हणाली, "आक्काच्या घरी व्हता की. वाचली का?"

खालच्या आळीतल्या दोघांनी काढूनही टाकलाय म्हणे, आक्काच्या घरचं बघून. तू आयुष्यभर घराघरांत जाऊन जे शिकवलंस ते माझ्या खोट्यानं सव्वा महिन्यात पुसायला घेतलं होतं. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गल्लीत अजून कुणी गेलं असतं, तर तेही माझ्याच हातानं.

रविवारी दाजींकडं गेलो. ते खुर्चीवर होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. खड्ड्याचं पाणी, डायरेक्ट, डिक्कीतला पंप, बोर्डाचे स्क्रू. शेवटी म्हटलं, तुमच्या झोपेनं नाही गेली आक्का, माझ्या हातानं गेली. पोलिसात द्या, नाहीतर जोड्यानं मारा, पण आता झोपा दाजी.

दाजी म्हणाले, "मला म्हाईत हाय."

मी वर बघितलं.

"डायरेक्ट केलंय हे तिनं मला त्याच दिशी सांगितलं. आठ दिस झाले, तू काय आला नाय. मी म्हणलं, कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावतो, पंपच तर बदलायचा हाय. तर मला म्हणाली, नको. बाळूला कळलं तर त्याला लई लागंल. आक्कानं माझ्या कामावर दुसऱ्याला हात लावू दिला म्हणंल. तो येतो म्हणलाय, यील."

दाजींनी डोळे पुसले. "तू बोर्ड परत जोडलास ते बी कळलं व्हतं," म्हणाले. टेपाचा तुकडा खाली पडला होता, तो त्यांनीच उचलून टाकला. मी विचारलं, मग कुणाला बोलला का नाहीत? ते म्हणाले, "कुणाला बोलू? तुझी तक्रार आजवर मी तिच्यापाशीच करत आलो."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही माफी मागितली नाही. उठताना एवढंच म्हणाले, गल्लीला सांग. मला सांगून भागायचं नाय.

संध्याकाळी सांगितलं. बायका ओट्यांवर बसल्या होत्या, पुरुष कामावरून येत होते. मी तुझ्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, आक्काच्या घरी त्या दिवशी स्विच नुसता शोभेला होता, मी डायरेक्ट केलं होतं, तिच्या खड्ड्याचं पाणी मीच बंद करायला लावलं होतं, आणि नंतर तुम्हा सगळ्यांना फसवलं. स्विच चालू असता तर ती आज इथं बसली असती. कुणी काढला असेल त्यानं उद्याच्या उद्या परत बसवून घ्या. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारी उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. नंदाबाई माझ्याकडं बघतही नव्हती.

काल तो भंगारवाला गेल्यावर मी तुझ्या ओट्यावर बसलो होतो, तर नंदाबाईच्या घरी एक वायरमन आला. कोपऱ्यावरचाच. पायांत बूट होते, हातांत मोजे होते. त्यानं तिचा बोर्ड उघडला, हिरवी वायर तपासली, टेस्टचं बटण दाबून बघितलं, मागं जाऊन खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं. नंदाबाईच्या घराची फिटिंग मी केलेली, पंधरा वर्षं तिथं माझ्याशिवाय कुणी पक्कड धरली नव्हती. ती मला ओलांडून त्याला घेऊन आली. बरं केलं तिनं.

थोडं लागलं मला. खोटं नाही सांगत, लागलंच. घरी येऊन जेवलो, जरा वेळ पडलो, आणि तेवढ्यात गेलंही ते.

एवढंच असतं गं ते आक्का. तू त्या कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं असतंस तर मी चिडलो असतो. चार दिवस फोन उचलला नसता, दाजींना टोमणे मारले असते, आणि पाचव्या दिवशी तुझ्या दारात येऊन जेवायला बसलो असतो. तू मला एवढं ओळखायचीस, मग हे कसं नाही ओळखलंस? मला लागंल म्हणून तू महिनाभर त्या कूलरशेजारी वावरलीस. लागू द्यायचं होतंस. दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं होतंस.